सात मिनिटांची धुडकी

नगरपालिकेने भाषणाला बोलावलंय,
धुडकीबाईंच्या तैलचित्राच्या अनावरणाला.
पाच मिनिटं बोला, सर, म्हणाले.
चौतीस वर्षं मूकबधिर शाळेत गेलेल्या माणसाला
पाच मिनिटं फार होतात.
तरी लिहून काढतो.

जन्म सारंगखेड्याचा, तापीकाठी.
आधीची दोन भावंडं गेलेली, म्हणून हिला
उकिरड्यावर लोळवून उचललं,
नाव ठेवलं धुडकी,
मरणाने नाक मुरडून पुढे जावं म्हणून.
ते गेलं पुढे. मोठेपणी मात्र
दर शनिवारी नव्या खेळात पाठीस लागायचं,
आणि ही दर शनिवारी
त्याच्या अंगावरून घोडा उडवायची.

दत्तजयंतीच्या यात्रेत कंपनीवाले आले घोडा घ्यायला.
काळाभोर, चारी पाय पांढरे, कपाळावर टिळा.
पाठीला हात लावू देईना कुणाला.
बाप म्हणाला, पोरगी बसली तरच चालतो.
त्यांनी दोघांचा मिळून भाव विचारला.
बाप म्हणाला, भाव घोड्याचा सांगतो,
पोरीचा पगार तुम्ही सांगा.

जाहिरातीवर ती झाली मिस चंद्रप्रभा.
जळत्या पुलावरून, आगगाडीच्या टपावरून,
किल्ल्याच्या तटावरून (तट पुठ्ठ्याचा, हाड मोडलं ते खरं).
दोंडाईचाला मिरचीबाजारात तंबू लागायचा,
अख्खा तंबू शिंकायचा, डोळे पुसायचा;
ठसक्याने कोण रडलं, तिच्यासाठी कोण,
ते मिरचीलाच ठाऊक.

मग पडद्याला कंठ फुटला.
कंपनीने तिच्यापुढे यंत्र ठेवलं आणि म्हणाली, बोला.
ती बोलली. कंपनी म्हणाली,
राजकन्या असं बोलत नाही.
ती म्हणाली,
"मंग राजकन्यालेच घोडावर बसाडा."
आणि सामान बांधलं.

पुढची सव्वीस वर्षं टांगा.
दोंडाईचा स्टेशन, सुरतेकडून येणारी पॅसेंजर,
त्याच काळ्याची नात जुंपलेली.
बाळंतपणाला आलेल्या लेकीकडून भाडं नाही.
दारू प्यालेल्याकडून दुप्पट, तेही आधी.
तुम्ही त्या सिनेमातल्या का, असं कुणी विचारलंच
तर चाबूक दाखवून म्हणायची,
बस नीट, खड्डा आहे पुढे.

खेळ एकोणीस. काही जळाले,
काही चांदीसाठी धुऊन काढले.
उरली सात मिनिटं,
शिरपूरच्या एका भंगारवाल्याकडे, बिस्किटाच्या डब्यात.
ती मी शाळेच्या चुन्याच्या भिंतीवर लावली.

रणांगण. घोडा आडवा. राणी जखमी,
सेनापतीच्या मांडीवर डोकं, ओठ हलतात.
पाटी येते:
प्राणनाथ, दासीचा हा अखेरचा नमस्कार!
मी चष्मा काढला, काच पुसायला.
आणि सगळा वर्ग हसत सुटला.
आवाज न करता नाही, आमची मुलं मोठ्याने हसतात,
आपण किती मोठ्याने हसतो ते त्यांना कळत नाही.

वैजंता उठली, सातवीतली, टाकरखेड्याची.
हातांनी सांगू लागली:
घोडा. पाणी. आधी. मरण नंतर.
मी रीळ मागे घेतलं. पुन्हा लावलं.
आईच्या तोंडावरून तिने जी भाषा वाचली होती
तीच तिथे होती, शंभर वर्षं,
आणि ऐकू येणाऱ्या एकाही माणसाला दिसली नव्हती:
"आधी मना घोडाले पानी पाज रे भो,
मरानं मंग दखसूत."

चित्रकाराने ओठ मिटलेले काढलेत.
त्याचा दोष नाही, छायाचित्र तसंच मिळालं.
पण पहिल्या रांगेत माझी मुलं बसणार आहेत
आणि ती तैलचित्राकडे नाही, माझ्या हातांकडे बघतील.
म्हणून आधी त्यांना सांगेन.
अध्यक्ष, उपाध्यक्ष, हार, नारळ,
मंग दखसूत.